मठ पडला, कुंड उरलं

नॉटिंगहॅमच्या किल्ल्यापासून पश्चिमेला मैलभरावर लेंटन आहे. पूर्वी ते स्वतंत्र गाव होतं, आता शहराच्या पोटात गेलं आहे. तिथल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये दगडाचं एक मोठं, लांबट चौकोनी कुंड आहे. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देण्यासाठी बाराव्या शतकाच्या मध्यावर कुणा कारागिराने ते एका अखंड शिळेतून कोरून काढलं. चर्चची इमारत मात्र १८४२ सालची. म्हणजे आतलं कुंड भोवतालच्या भिंतींपेक्षा सुमारे सातशे वर्षांनी जुनं आहे.

हे कुंड लेंटनच्या मठातलं. तो मठ १५३८ साली बुडाला आणि त्याचं भव्य चर्च पार जमीनदोस्त झालं. इथेच पहिला प्रश्न उभा राहतो. मठात राहणारे पुरुष ब्रह्मचारी. त्यांना मुलंबाळं नाहीत, आणि मठात येणारा प्रत्येक जण जन्मानंतर लगेच, आपल्या गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊनच आलेला. मग संन्याशांच्या चर्चमध्ये एवढ्या देखण्या कुंडाचं काम काय? या प्रश्नाचा माग काढत गेलं की लेंटनच्या मठाचा इतिहास वेगळाच दिसू लागतो. सनदा, खटले आणि हिशेबाच्या गुंडाळ्यांमध्ये राजे, बिशप आणि मठाधिपती भेटतात. कुंडापाशी मात्र गावातल्या बायका, सुइणी आणि त्यांच्या हातातली पोरं भेटतात.

मठ स्थापला विल्यम पेव्हरेल या नॉर्मन सरदाराने. विल्यम द काँकररने १०६८ साली नॉटिंगहॅमला खडकावर किल्ला बांधला आणि तो या पेव्हरेलच्या हाती दिला. डर्बीशायरच्या डोंगराळ भागातल्या, पीक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखातल्या मोठ्या जमिनीही त्याच्याकडे होत्या. ११०२ ते ११०८ या काळात कधीतरी त्याने लीन नदीच्या काठी हा मठ उभा केला, पवित्र त्रैक्याच्या नावाने तो वाहिला आणि फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाला जोडून दिला. मृत राजाच्या, राणीच्या आणि आपल्या पूर्वजांच्या आत्म्यांना शांती मिळावी हा हेतू सनदेतच नोंदला आहे. देणगीही तशीच मोठी होती. लेंटन आणि आसपासची गावं, गिरण्या, नॉटिंगहॅम शहरातली सेंट मेरी, सेंट पीटर आणि सेंट निकोलस ही तिन्ही चर्चेस आणि पीक भागातल्या उत्पन्नाचे दशांश. नॉटिंगहॅमशायरमध्ये याहून श्रीमंत मठ दुसरा नव्हता. क्लूनीशी नातं राखण्यासाठी दरवर्षी चांदीचा एक मार्क पाठवला की पुरे होत असे.

क्लूनी त्या वेळी मठांच्या जगाची राजधानी होती. तिथे उभं राहत असलेलं तिसरं चर्च रोमच्या नव्या सेंट पीटर्सच्या आधी ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च ठरलं. प्रार्थना लांबलचक, गायन अखंड, दिव्यांची रोषणाई, भिंतींवर आणि स्तंभशीर्षांवर कोरीव काम. देवाच्या घरात वैभव असावं असं क्लूनीच्या लोकांना मनापासून वाटे. लेंटनला हीच रीत आली. म्हणूनच गावच्या पोरांसाठी केलेल्या कुंडालाही साधं ठेवणं त्यांच्या मनात आलं नाही.

आता गावाकडे वळू. मठाच्या चर्चचे दोन भाग असत. पूर्वेकडचा भाग मठवासीयांचा. दिवसरात्र ठरलेल्या वेळी ते तिथे प्रार्थनेला बसत. पश्चिमेकडचा लांब दिवाणखाना, म्हणजे नेव्ह, अनेक ठिकाणी आसपासच्या लोकांना मोकळा असे. तिथे त्यांची स्वतंत्र वेदी असे आणि त्यांचा धर्मगुरूही निराळा असे. लेंटनचं कुंड या व्यवस्थेचा दगडी पुरावा आहे. मधल्या पडद्याच्या पलीकडे लॅटिन स्तोत्रं चालू असताना अलीकडे गावातली रडणारी मुलं या कुंडात बुडवली जात होती.

बुडवली जात, हे अक्षरशः खरं आहे. मध्ययुगात इंग्लंडमध्ये नुसता डोक्यावर पाण्याचा शिपकारा देण्याची रीत नव्हती. मूल उघडं करून पाण्यात बुडवत, म्हणूनच कुंडं एवढी खोल आणि ऐसपैस. तान्ही मुलं पटापट दगावत आणि बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलाला स्वर्ग नाही अशी शिकवण होती, म्हणून जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर त्याला चर्चमध्ये नेत. बाळंतीण अजून घरीच असे. मुलाला घेऊन जाई सुईण, आणि बरोबर धर्ममातापिता. दाराशीच धर्मगुरू त्यांना थांबवून मुलाच्या तोंडात मिठाचा कण ठेवी, सैतानाला हाकलण्याच्या प्रार्थना म्हणे आणि मग सगळे कुंडापाशी येत. मूल दगावतंय असं दिसलं तर सुइणीने घरीच बाप्तिस्मा द्यावा अशी मुभा होती. त्यासाठीचे शब्द तिला पाठ असावेत याकडे चर्च लक्ष देई.

कुंडातलं पाणी ईस्टरच्या आदल्या रात्री आणि पेंटेकॉस्टला मंत्रून ठेवत आणि मग ते पुष्कळ दिवस तसंच राही. ते पाणी जादूटोण्यासाठी चोरलं जाईल ही भीती खरी होती. कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी १२३६ च्या सुमारास फर्मानच काढलं की कुंडांना झाकणं करून कुलपं लावा. इंग्लंडमधल्या कितीतरी जुन्या कुंडांच्या काठावर आजही लोखंडी कड्यांच्या खाचा आणि कड्या उपसताना उडालेले टवके दिसतात.

कुंड असणं हा हक्काचाही भाग होता. बाप्तिस्मा आणि दफन हे दोन हक्क पॅरिशच्या, म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेल्या गावाशिवाराच्या, मुख्य चर्चकडे असत. लांबच्या वस्तीत प्रार्थनेपुरतं चॅपल बांधायला सहसा कुणाची हरकत नसे. पण तिथे कुंड बसवायचं किंवा मेलेल्याला पुरायचं म्हटलं की मुख्य चर्च विरोधाला उभं राही, कारण त्याबरोबर दक्षिणा आणि मान हातचा जाई. वाटेत ओढ्याला पूर येतो, हिवाळ्यात बर्फ साचतं, मूल वाटेतच दगावतं अशा विनवण्या करून वस्त्या वर्षानुवर्षं कुंडाची परवानगी मागत. त्यामुळे कुंड जिथे आहे तिथे गाव आपल्या जागेचं मालक आहे असा त्याचा अर्थ होई. लेंटनच्या लोकांचा हा हक्क मठाच्या छपराखाली होता. मठ होता तोवर ती सोय उत्तम होती, पुढे तीच त्यांच्या मुळावर आली.

कुंडावरचं कोरीव काम पाहताना मला हे सगळं आठवत राहतं. त्याच्या एका बाजूवर पानावेलींनी सजवलेला क्रूस आहे. दुसरीकडे कमानींच्या दोन ओळी, एकीवर एक, आणि प्रत्येक कमानीखाली पंखांचा एकेक देवदूत. एका बाजूला येशू क्रूसावर खिळलेला आहे, शेजारी दोघे चोर आहेत. आणखी एके ठिकाणी येशूचा स्वतःचा बाप्तिस्मा कोरला आहे, तोही अशा ठिकाणी जिथे त्या क्षणी गावातलं एखादं पोर त्याच विधीतून जात असे. आकृत्या ठेंगण्या आहेत, डोकी मोठी, कपड्यांच्या चुण्या नांगराच्या तासांसारख्या समांतर ओढलेल्या. शरीराची प्रमाणं साधण्यापेक्षा जागा भरून काढण्याकडे कारागिराचा ओढा आहे. कुठे रिकामा दगड म्हणून राहू दिलेला नाही.

सर्वांत विलक्षण भाग जेरुसलेमचा. येशूच्या कबरीपाशी स्त्रिया आल्या आहेत आणि ती कबर घुमटाच्या इमारतीच्या रूपात कोरली आहे. हे चित्र समजायचं तर सालांकडे पाहावं लागतं. १०९५ साली पोप दुसरा अर्बन याने क्लेरमाँ इथे पहिल्या धर्मयुद्धाची हाक दिली. हा अर्बन आधी क्लूनीचाच मठवासी होता, आणि त्याच वर्षी त्याने क्लूनीच्या नव्या चर्चच्या मुख्य वेदीचं अर्पणही केलं. १०९९ साली जेरुसलेम भीषण कत्तलीनंतर ख्रिस्ती सैन्याच्या हाती गेलं. त्यानंतर दहा वर्षांच्या आत लेंटनचा मठ स्थापन झाला. कुंड कोरलं गेलं तेव्हा कबरीवरचं ते चर्च ख्रिस्ती राजाच्या ताब्यात होतं आणि यात्रेकरू तिथून परत येऊन त्याच्या गोष्टी सांगत होते. लीन नदीकाठच्या शेतकऱ्याने जन्मात समुद्र पाहिला नसेल, पण आपलं मूल पाण्यातून वर येताना जेरुसलेमचा घुमट त्याच्या हाताच्या अंतरावर होता. संत पौलाच्या शिकवणीनुसार बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि त्याच्याबरोबर उठणं. कुंडावर कबर कोरण्यामागे ही पक्की धर्मकल्पना आहे. लेंटनच्या मठातल्या कुणीतरी ती कारागिराला समजावून सांगितली असणार असं मला वाटतं, कारण एवढा नेमका विचार नुसत्या हौसेतून येत नाही.

मठाचं बाकीचं आयुष्य इतकं उदात्त नव्हतं. पेव्हरेलच्या मुलाने राजा दुसऱ्या हेन्रीची मर्जी गमावली आणि ११५५ साली त्याच्या जमिनी राजाने जप्त केल्या. पुढे राजा होण्याआधी जॉनने पीक भागातल्या चर्चेसचं उत्पन्न कॉव्हेंट्रीच्या बिशपला देऊन टाकलं आणि ते लिचफील्डच्या कॅथीड्रलकडे गेलं. त्यातला मोठा वाटा पेव्हरेलने आधीच लेंटनला दिलेला होता. एकाच दशांशावर दोन सनदा. हा तंटा सुमारे तीनशे वर्षं चालला आणि रोमपर्यंत गेला. १२५० च्या आसपास पीक भागातल्या टाइड्सवेलला तो हातघाईवर आला. लिचफील्डच्या लोकांनी दशांशाची लोकर आणि कोकरं सुरक्षित राहावीत म्हणून थेट चर्चच्या नेव्हमध्ये आणून ठेवली. लेंटनची माणसं हत्यारं घेऊन आली, दारं फोडून आत शिरली. चर्चमध्ये मारामारी झाली, रक्त सांडलं, कोकरं तुडवून मारली गेली, काही पळवून नेली. पोपने नेमलेल्या चौकशीत मठाला दंड बसला. ज्या मठाने पवित्र कबर एवढ्या भक्तीने दगडात उतरवली, त्याच मठाने हेही केलं. इतिहास लिहिणाऱ्याने यातलं एक सांगून दुसरं दडवू नये.

या मठाला लाभलेली आणखी एक गोष्ट म्हणजे मार्टिनमासची जत्रा. नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला ती भरे. दुसऱ्या हेन्रीने ती आठ दिवसांची करून दिली, तिसऱ्या हेन्रीने बारा दिवसांपर्यंत वाढवली. जत्रा चालू असेतो नॉटिंगहॅमच्या बाजारात व्यवहार बंद. शहरच्या व्यापाऱ्यांना हे सलत असे, आणि बऱ्याच कुरबुरीनंतर दिवस पुन्हा कमी झाले. राजे उत्तरेकडे येता-जाता लेंटनला मुक्काम करत. बेस्टवुडच्या रानातून मठाला सरपण मिळे. एवढं सगळं असूनही तेराव्या शतकापासून मठ कर्जात रुतत गेला. त्यात फ्रान्सशी युद्धं सुरू झाली. फ्रेंच मठाशी जोडलेला आणि फ्रेंच माणसांनी भरलेला म्हणून लेंटनचा मठ परकीय ठरला आणि राजाचे अधिकारी त्याचं उत्पन्न वारंवार ताब्यात घेऊ लागले. अखेर १३९२ साली दुसऱ्या रिचर्डने त्याला इंग्लिश मठ म्हणून मान्यता दिली आणि क्लूनीचा धागा तुटला.

मठाच्या आवारात संत अँथनीच्या नावाचं एक रुग्णालय होतं. ‘संत अँथनीची आग’ या नावाने ओळखला जाणारा रोग त्या काळी युरोपभर होता. राय धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या विषारी बुरशीमुळे तो होतो. हातपाय जळल्यासारखे होतात, काळे पडतात, झडतात. ओला उन्हाळा गेला की पुढच्या हिवाळ्यात गोरगरिबांच्या भाकरीतून तो पसरे. असे रोगी अँथनीच्या रुग्णालयांत येत. रुग्णालयाला लागून लहानसं चॅपल होतं. मठाच्या प्रचंड चर्चपुढे ते कुणाच्या नजरेतही भरलं नसेल, पण या कहाणीच्या उत्तरार्धात त्याला मोठं काम करायचं होतं.

१५३६ साली पार्लमेंटने वर्षाला दोनशे पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद करण्याचा कायदा केला. लेंटनचं उत्पन्न तीनशेच्या वर होतं, त्यामुळे मठ त्यातून सुटला. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत लिंकनशायर आणि यॉर्कशायर पेटून उठले. मठ वाचवा म्हणत हजारो लोक रस्त्यावर आले. आठव्या हेन्रीने ते बंड आश्वासनं देऊन थोपवलं आणि नंतर फाशीच्या दोरांनी मोडलं. १५३४ च्या कायद्याने राजाविरुद्ध नुसतं बोलणंही राजद्रोह ठरलं होतं. मठांमध्ये कोण काय बोलतं याच्या खबरा राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्याकडे पोहोचू लागल्या. लेंटनमधलं एक संभाषणही असंच पोहोचलं. काय दिवस आले आहेत, एका शब्दासाठी राजा माणसाला फासावर देतो, असं कुणी मठवासी म्हणाला, आणि दुसऱ्याने स्वर्गातला राजा तसं करणार नाही असं उत्तर दिलं.

१५३८ च्या फेब्रुवारीत मठाचे प्रमुख निकोलस हीथ कैदेत पडले. राजद्रोहाच्या आरोपात त्यांच्याबरोबर काही मठवासी आणि काही साधे मजूरही गोवले गेले. वसंत ऋतूत हीथ यांना मृत्युदंड झाला, आणि ते एकटे गेले नाहीत.

कायद्याच्या दृष्टीने हा शेवट इतर मठांहून वेगळा होता. इतर मठ कागदावर सही करून ‘स्वेच्छेने’ राजाच्या स्वाधीन होत आणि मठवासीयांना निवृत्तिवेतन मिळे. लेंटनचा मठ गुन्हेगाराची मालमत्ता म्हणून जप्त झाला. तिथल्या माणसांना निवृत्तिवेतनही मिळालं नाही. ट्यूक्सबरीच्या मठाचं दोन वर्षांनी काय झालं ते पाहिलं की फरक डोळ्यांत भरतो. तिथल्या लोकांनी नेव्ह आमचं पॅरिश चर्च आहे असं ठासून सांगितलं, उरलेला भाग ४५३ पौंड मोजून राजाकडून विकत घेतला, आणि ते चर्च आजही उभं आहे. लेंटनचं चर्च असं कुणी वाचवू शकलं नाही. राजद्रोहाच्या छायेत गावाचा हक्क मांडायला पुढे येणं म्हणजे काय, हे तिथल्या लोकांनी नुकतंच पाहिलं होतं.

मठ पाडण्याची पद्धत देशभर साधारण एकच. आधी छपरावरचं शिसं उतरवायचं, कारण पैसा त्यात होता. मठवासीयांची कोरीव लाकडी आसनं आणि छताचे वासे जाळून त्या आगीवर शिसं वितळवत आणि त्याच्या लगडी पाडत. घंटा फोडून धातूच्या भावाने विकत. छप्पर गेलं की पाऊस आत येई, आणि मग घडीव दगड आसपासच्या घरांना, कुंपणांना, रस्त्यांना लागत. लेंटनच्या महाचर्चचा एका खांबाचा पाया तेवढा आज उघड्यावर दिसतो.

१५३८ च्याच सप्टेंबरात क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. इंग्लंडमधल्या सामान्य माणसाच्या जन्माची लेखी नोंद देशभर सुरू झाली ती तेव्हापासून. लेंटनच्या लोकांनी ज्या छपराखाली पिढ्यान् पिढ्या आपली मुलं आणली, ते छप्पर नेमकं त्याच वर्षी गेलं.

गावाला चर्च तर हवंच होतं. तेव्हा संत अँथनीच्या रुग्णालयाचं ते दुर्लक्षित चॅपल पॅरिश चर्च झालं. पुढची तीनशे वर्षं लेंटनचं धर्मजीवन त्या लहान वास्तूत चाललं. या काळात कुंडांवर आणखी घाले आले. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकाने पाणी महिन्यातून एकदा तरी बदलायला सांगितलं. साठवलेल्या मंत्रजलाची जुनी भीती आणि जुना आदर दोन्ही त्यामुळे ओसरू लागले. १६४५ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, प्युरिटन पार्लमेंटने नवी उपासनापद्धती लागू केली. तिने जुन्या जागीच्या कुंडांपाशी बाप्तिस्मा देणं निषिद्ध ठरवलं आणि साध्या भांड्याने ते काम होऊ लागलं. कितीतरी कुंडं अंगणात गेली, गुरांच्या पाण्याची द्रोणी झाली, मातीत पुरली गेली. १६६० मध्ये राजेशाही परत आल्यावर गावोगाव नवी कुंडं घडवली गेली, त्यातल्या अनेकांवर ते साल कोरलेलं आहे.

लेंटनच्या कुंडाच्या वाट्यालाही एका खाजगी बागेतली जागा आली. विल्यम स्ट्रेटन हा नॉटिंगहॅमचा बांधकाम करणारा गृहस्थ, आणि जुन्या अवशेषांचा मनस्वी नाद असलेला. त्याने मठाच्या जागेवर स्वतःचं घर बांधलं, जमीन खणून मठाचे अवशेष शोधले, जे सापडलं त्याच्या नोंदी ठेवल्या. त्याची हस्तलिखितं १९१० साली छापली गेली. शास्त्रशुद्ध उत्खनन म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नसलेल्या काळातल्या या माणसाबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. दगड विकून टाकणारे पुष्कळ होते, तो कशाचा आहे हे विचारणारे थोडे. त्याचा मुलगा सेम्प्रोनियस सैन्यात अधिकारी होता. कॅनडात असताना त्याने काढलेली जलरंगचित्रं आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. वडिलांमागे बाग आणि कुंड त्याच्याकडे आलं.

तोवर लेंटन बदललं होतं. नॉटिंगहॅमच्या लेसच्या धंद्याने आसपासची खेडी भरून गेली आणि अँथनीचं चॅपल अपुरं पडू लागलं. म्हणून नवं चर्च बांधायचं ठरलं. डर्बीचे वास्तुविशारद हेन्री आयझॅक स्टीव्हन्स यांनी त्याचा आराखडा केला. १८४२ मध्ये ते पुरं झालं आणि त्याला जुन्या मठाचंच होली ट्रिनिटी हे नाव मिळालं. त्याच वर्षी स्ट्रेटनच्या बागेतलं कुंड या चर्चमध्ये आलं. बागेची शोभा म्हणून राहिलेल्या दगडात पुन्हा पाणी भरलं आणि लेस कामगारांची मुलं त्यापाशी आणली जाऊ लागली.

नवं चर्च झाल्यावर जुन्या चॅपलचं नेव्ह १८४४ मध्ये पाडून टाकलं. राहिला फक्त पूर्वेकडचा वेदीचा भाग. चाळीसेक वर्षांनी, १८८३ मध्ये, त्या उरलेल्या भागाला नवं नेव्ह जोडून तिथे पुन्हा उपासना सुरू झाली. संत अँथनीचं ‘प्रायरी चर्च’ म्हणून ते आज ओळखलं जातं आणि मठाच्या जुन्या आवारातच उभं आहे. कुंड मात्र होली ट्रिनिटीतच राहिलं आणि गावातल्या मुलांचा बाप्तिस्मा तिथे होत राहिला.